सीतेचा शोध, पन्नास युरो

खिशात पैसे आहेत, द्यायची तयारी आहे आणि घ्यायला कोणी नाही, अशी वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा बार्सिलोनात आली.

पुण्यात अशी वेळ येत नाही. तिथे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच शोधावं लागतं आणि तेही फार शोधावं लागत नाही, कचेरीबाहेरचा चहावाला सांगतो. कागदावर वजन ठेवलं नाही तर तो उडून जातो, हे ज्ञान मला शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवण्याआधीच झालं होतं. सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव कमी करायला वडील तलाठ्याकडे जायचे, तेव्हा मी सोबत असायचो. तलाठी म्हणायचे, "बघू." वडील म्हणायचे, "बघा ना." या दोन वाक्यांच्या मध्ये एक पाकीट इकडून तिकडे जायचं आणि मला लिमलेटची गोळी मिळायची. म्हणजे लाभार्थींच्या यादीत लहानपणापासून मीही होतोच.

असा तयार झालेला माणूस दोन वर्षांपूर्वी स्पेनला गेला. गेला म्हणजे नेला गेला. नोकरी बायकोला लागली, बार्सिलोनातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. माझं काम भाषांतराचं, ते टेबल आणि वीज असेल तिथे चालतं. त्यामुळे सरकारी कागदांत तिचा उल्लेख 'उच्च पात्रताधारक व्यावसायिक' असा होता आणि माझा 'कुटुंबीय'. वाटणी सरळ होती. उच्च पात्रताधारकाने कामावर जायचं, कुटुंबीयाने कचेऱ्या धुंडाळायच्या. "तुला सवय आहे," असं ती म्हणाली. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी विचारलं नाही.

जायच्या आधीची कथा लांबवत नाही. एवढंच सांगतो, की लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल नावाचा शिक्का लागतो. परराष्ट्र मंत्रालय त्याचे पन्नास रुपये घेतं आणि आमच्या एजंटाने साडेतीन हजार घेतले. मी हिशेब मागितला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, शिक्का पन्नासचाच आहे, बाकीचं धावपळीचं." धावपळ हा शब्द मला आवडला. त्यात घाम असतो, माणूस गैर काही करतोय असं वाटत नाही. मग स्पॅनिशमध्ये शपथेवर भाषांतर करणाऱ्या बाईंनी पानामागे पैसे घेतले. आमच्या लग्नाच्या दाखल्याला एवढी किंमत आमच्या लग्नातसुद्धा कुणी दिली नव्हती.

व्हिसा मिळाला, उतरलो. आता राहिलं होतं ते कार्ड. परदेशी माणसाचं ओळखपत्र, तिथे त्याला 'तिए' म्हणतात. नियम असा, की देशात आल्यापासून एका महिन्याच्या आत पोलिसांकडे जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. आईला फोनवर सांगितलं, "पोलिसांनी ठसे द्यायला बोलवलंय." पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग ती म्हणाली, "जाऊन चारच दिवस झाले ना रे?"

ठसे द्यायला माझी हरकत नव्हती. पण ठसे द्यायला जायचं तर आधी वेळ घेतलेली लागते आणि या वेळेचं स्पॅनिश नाव आहे 'सिता प्रेव्हिया'. आगाऊ घेतलेली भेटीची वेळ. माद्रिदकडचे लोक जीभ दातांत धरून 'थिता' म्हणतात. दक्षिण अमेरिकेतून आलेले आणि आपल्याकडून गेलेले सगळे सरळ 'सीता' म्हणतात. बार्सिलोनातल्या परदेशी माणसाच्या तोंडी दिवसभर हेच नाव. सीता मिळाली का? माझी सीता गेली. मंगळवारी सीता सुटतात म्हणे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, की एवढं भक्तिमय शहर युरोपात दुसरं नसेल.

सीता मोफत असते. हे वाक्य सरकारी संकेतस्थळावर आहे, दारावरच्या कागदावर आहे, पोलिसाच्या तोंडीही आहे. मोफत असते आणि नसते. संकेतस्थळ उघडायचं, प्रांत निवडायचा, 'पोलीस: ठसे घेणे' हे काम निवडायचं, पासपोर्टचा नंबर आणि नाव घालायचं, आणि मग पडद्यावर येतं, की सध्या वेळा उपलब्ध नाहीत. सकाळी आठला नाहीत, दुपारी नाहीत, रात्री दोनला उठून बघितलं तरी नाहीत. कधी कधी तेवढंही उत्तर मिळत नाही. विनंती नाकारली आहे, व्यवस्थापकाशी बोला, असं इंग्रजीत येतं आणि खाली तक्रारीसाठी एक भला मोठा आकडा. तो आकडा मी पहिले तीन दिवस वहीत उतरवून घेत होतो. कुणीतरी विचारेल असं वाटत होतं.

एकदा मात्र पुढचं पान उघडलं. कचेऱ्यांची यादी आली. माझा हात थरथरला, चष्मा शोधला, तोवर लाल अक्षरांत सूचना: आपण फार वेळ निष्क्रिय राहिल्यामुळे आपलं सत्र संपलं आहे. संध्याकाळी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इतक्या लवकर त्यांच्या लक्षात आलं?"

मग मी आपल्या पद्धतीने जायचं ठरवलं. म्हणजे प्रत्यक्ष. माणूस समोर असला की रस्ता निघतो, यावर माझी श्रद्धा आहे. अर्ज भरला, झेरॉक्स काढल्या, केस विंचरले, आणि पिशवीत बाकरवडीचा एक पुडा टाकला. लाच म्हणून नव्हे. ओळख काढायला काहीतरी लागतं. कचेरीत गेल्यावर आधी शिपाई शोधायचा हा आपला पहिला धडा. साहेब कुठल्या मूडमध्ये आहेत, फाईल कुणाच्या टेबलावर आहे आणि ते टेबल किती खातं, हे शिपायाइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिथे शिपाईच नाही. युरोपातल्या कचेरीत दार असतं, दारावर बंदूकधारी पोलीस असतो, आणि आत खिडक्या. मधला दुवाच काढून टाकलेला. मराठी माणूस तिथे अगदी पोरका होतो.

पोलीस तरुण होता, हसरा होता. "सिता?" त्याने विचारलं. मी खांदे उडवले, दोन्ही हातांनी गरिबी दाखवली, पत्नीची नोकरी, महिन्याची मुदत, असं तुटक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मी पिशवीतून बाकरवडी काढली. त्याने पुडा हातात घेतला, सामान तपासायच्या यंत्रातून घातला, दुसऱ्या टोकाने बाहेर काढला, पडद्यावर नीट बघितलं आणि मला परत दिला. "सिता," तो पुन्हा म्हणाला. या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं.

या देशात हे नवीन नाही, हे मला नंतर कळलं. मारियानो होसे दे लार्रा नावाचा एक स्पॅनिश लेखक होता. त्याने १८३३ साली एक विनोदी लेख लिहिला, त्याचं नावच 'उद्या या'. पॅरिसहून एक गृहस्थ माद्रिदला येतो. त्याचं आडनाव फ्रेंचमध्ये 'विनाविलंब' असं ठेवलेलं. पंधरा दिवसांत सगळी कामं उरकून परत जायचा त्याचा बेत असतो आणि सहा महिन्यांनी तो काहीही न होता परत जातो. प्रत्येक दारात त्याला एकच उत्तर मिळतं. स्पेनमध्ये हा लेख आजही लोकांना माहीत आहे आणि कचेरीत कुणी हेलपाटे घातले की त्याचं नाव निघतंच. मला एवढंच वाटलं, की त्या फ्रेंच गृहस्थाला निदान रोज माणूस तरी भेटत होता. 'उद्या या' म्हणायलाही तोंड लागतं.

महिना संपायला नऊ दिवस उरले तेव्हा बायकोच्या कचेरीतल्या एका कोलंबियन मुलीने तिला सांगितलं, की तुझ्या नवऱ्याला म्हणावं, एखाद्या लोकुतोरियोत जा.

लोकुतोरियो म्हणजे पूर्वीचं आपलं एसटीडी-पीसीओ. काचेची केबिनं आता रिकामी असतात किंवा त्यांत कांद्याची पोती असतात. बाकी दुकानात मोबाईलची कव्हरं, पैसे पाठवायची सोय, तांदळाच्या गोण्या, हंगामात आंबे आणि बारा महिने झेरॉक्स. बार्सिलोनाच्या रावाल भागात अशी दुकानं गल्लीगणिक आहेत आणि बरीचशी पाकिस्तानी मंडळींची. मी ज्या दुकानात शिरलो तिथले मालक साठीचे, मेंदी लावलेली दाढी, काउंटरवर स्टीलच्या पेल्यात चहा. मी कुठला ते त्यांनी विचारलं, मी त्यांना विचारलं. "गुजरात," ते म्हणाले. मी उत्साहात "केम छो" म्हणून मोकळा झालो. त्यांनी माझ्याकडे जरा करुणेने बघितलं. "वो आपका गुजरात. हमारा अलग है, पंजाब में." बार्सिलोनातले बहुतेक पाकिस्तानी त्या गुजरात जिल्ह्यातलेच, हेही त्यांनीच सांगितलं.

मग आवाज न बदलता विचारलं, "सीता चाहिये?"

हो म्हणालो. लोकांच्या उधाऱ्या ज्या वहीत लिहून ठेवतात तसली एक लांबडी वही त्यांनी काढली. "ठसे? नवा नंबर? की कार्ड उचलायचं?" प्रत्येकाचा भाव वेगळा. ठशांचे पन्नास युरो माणशी. आश्रय मागायला आलेल्यांच्या वेळेचा भाव विचारू नका, ते म्हणाले, ते काम आपण करत नाही, त्यात शाप लागतो. मी थोडा घासाघीस करायच्या बेतात होतो, पण रामायणाचा विचार आला. सीता शोधायला खुद्द रामाला वानरसेना लागली होती आणि त्या सेनेने पन्नास युरोत काम केलं असतं असं वाटत नाही. शंभर मोजले. दोन दिवसांनी फोन आला: गुरुवार, सकाळी नऊ चाळीस, दोघांची पाठोपाठ. पाकिस्तानातल्या गुजरातच्या एका मुसलमानाने पुण्याच्या माणसाला सीता मिळवून दिली. मी त्यांना भाईजान म्हणायला लागलो तो त्या दिवसापासून.

"मिळते कुठून?" हा प्रश्न मी विचारला. लाच देताना मी सहसा प्रश्न विचारत नाही, पण इथे कुतूहल होतं. भाईजाननी पेला खाली ठेवला. मुलं आहेत, ते म्हणाले, कम्प्युटरची. त्यांची सॉफ्टवेअरं रात्रंदिवस संकेतस्थळावर पहारा देतात. कचेरीने वेळा सोडल्या की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलतात. माणूस चष्मा शोधेपर्यंत सगळं संपलेलं असतं. हे ऐकल्यावर मला त्या लाल सूचनेचा राग येईनासा झाला. माझी स्पर्धा यंत्राशी होती आणि यंत्राच्या मानाने मी खरंच निष्क्रिय होतो.

पोलिसांना हे ठाऊक नाही असंही नाही. २०२३ साली स्पेनच्या राष्ट्रीय पोलिसांनी अशा वेळा साठवून विकणाऱ्या एका जाळ्यातल्या ६९ जणांना पकडलं होतं. तिथे भाव ३० पासून २०० युरोपर्यंत होता. म्हणजे माझे पन्नास घेताना भाईजाननी जिव्हाळ्याचा दर लावला होता म्हणायचा.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच उजेड पडला. हे मी आधी बघितलं होतं! अलका टॉकीजबाहेर. बाल्कनीच्या तिकिटावर छापलेली किंमत सरकारमान्य, खिडकीतला माणूस एक पैसा जास्त घेत नाही, डोअरकीपर सज्जन, पिक्चर ठरल्या वेळी सुरू. फक्त तिकीट खिडकीवर नसतं. ते बाहेर पानाच्या टपरीशी उभ्या असलेल्या, ओठ न हलवता बोलणाऱ्या माणसाच्या खिशात असतं. आपल्या कचेऱ्यांत आपण खिडकीच्या आतल्या माणसाला पैसे देतो. इथे खिडकीपर्यंत पोचायचे द्यायचे. आतला माणूस धुतल्या तांदळासारखा राहतो आणि छाती पुढे काढून म्हणू शकतो, की आमच्याकडे भ्रष्टाचार नाही. ते खोटंही नसतं. ब्लॅक बाहेर चालतो.

मला विचाराल तर आपली पद्धत जास्त माणुसकीची आहे. आत पैसे घेणारा निदान 'बघू' म्हणतो, पोरांची चौकशी करतो, काम झालं नाही तर तोंड लपवतो. सॉफ्टवेअर यातलं काहीही करत नाही. पण हे मत मी बायकोपुढे मांडलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की भाषांतराचं काम किती राहिलंय?

वेळ मिळाली, पण ठसे द्यायला जाताना आणखी एक कागद लागतो. पाद्रोन. आपण कुठे राहतो याची नगरपालिकेतली नोंद. याशिवाय दवाखान्याचं कार्ड नाही, मुलांना शाळा नाही, काही नाही. स्पेनच्या कायद्याने ही नोंद करणं प्रत्येक रहिवाशाला बंधनकारक आहे आणि नगरपालिका त्याचे पैसे घेत नाही. ज्याला धड घर नाही त्याचीही नोंद होऊ शकते, इतका उदार कायदा आहे. अडचण एवढीच, की घरमालकांना तो आवडत नाही. भाडेकरू एकदा नोंदला गेला की निघत नाही, अशी त्यांची धास्ती. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करणाऱ्या कुणालाही ही धास्ती समजेल.

आमच्या मालकीणबाई सत्तरीच्या, गळ्यात मोत्यांची माळ, भेटल्या की दोन्ही गालांना गाल लावणाऱ्या. पाद्रोनचा विषय काढल्याबरोबर त्यांची स्पॅनिश एकदम जलद झाली आणि मला काही कळेनासं झालं. मग त्यांनी वेग कमी केला. करता येईल, त्या म्हणाल्या, पण मला किती त्रास. कर खात्याची भीती, सोसायटीतले शेजारी, माझं रक्तदाबाचं औषध. या सगळ्या 'मोलेस्तियास'चे, म्हणजे तसदीचे, माणशी शंभर युरो. तसदी! धावपळीनंतर मला आवडलेला हा दुसरा शब्द. धावपळ करणाऱ्याला घाम तरी येतो, तसदीत नुसती खुर्चीत बसलेली माणसं दमतात.

बायको अशा वेळी तत्त्वाला धरते. "पैसे देऊ," ती म्हणाली, "पण पावती द्या." मी तिला टेबलाखालून पाय मारला. आयुष्यात पहिल्यांदा टेबलाखालून काही दिलं आणि तेही चुकीच्या माणसाला. पण मालकीणबाई जराही डगमगल्या नाहीत. ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं, मोत्यांच्या माळेशी चाळा करत क्षणभर विचार केला, आणि सुंदर तिरप्या अक्षरात लिहिलं: पडदे धुलाई, दोनशे युरो. आमच्या घरात पडदे नाहीत. तिथल्या बहुतेक घरांना बाहेरून गुंडाळायच्या झडपा असतात. ती पावती मी फाईलमध्ये जपून ठेवली आहे. घर सोडताना त्याच बाई पडदे कुठे गेले म्हणून विचारतील, याची मला खात्री आहे.

नगरपालिकेतली नोंद पंधरा मिनिटांत झाली. खिडकीतल्या मुलीने छापील दाखला दिला आणि बार्सिलोनात स्वागत आहे म्हणाली. एक सेंटही घेतला नाही.

सरकारची खरी फी भरणं मात्र अवघड निघालं. कार्डाचे माणशी १६ युरो आणि वर काही सेंट. पोलिसांना रोख चालत नाही. आधी फॉर्म भरून छापायचा आणि बँकेत भरायचे. बँक म्हणते, आमच्या खातेदारांचेच घेतो. दुसरी बँक म्हणते, घेतो, पण अमुक वारी आणि सकाळी अमुक वाजेपर्यंतच. तिसरीत गेलो तर वार चुकलेला. दोन दिवसांत मी शंभर अधिक दोनशे युरो बिनबोभाट देऊन मोकळा झालो होतो आणि हे बत्तीस कुणी हातात धरेना. शेवटी भाईजानच्याच दुकानात गेलो. त्यांच्या पोराने स्वतःचं कार्ड घालून यंत्रावर भरून दिले. किती घेणार, विचारलं. "कुछ नहीं, ये तो सरकारी है," भाईजान म्हणाले, जणू सरकारी कामावर पैसे खाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

गुरुवार उजाडला. कचेरीबाहेर रांग अशी नव्हती. पन्नाससाठ माणसं भिंतीला टेकून, पायरीवर बसून, सिगरेट ओढत इकडेतिकडे पसरलेली. नवीन आलेला माणूस सगळ्यांना मिळून एकच विचारतो, "शेवटचा कोण?" एक हात वर होतो. त्या माणसाचं तोंड लक्षात ठेवायचं, मग पुढच्याने विचारलं की आपण हात वर करायचा, झालं. ही पद्धत मला फार आवडली. आपल्याकडे रेशनच्या दुकानापुढे माणसाऐवजी पिशव्या आणि विटा रांगेत उभ्या असतात. इथे रांग नुसती लोकांच्या लक्षात असते. मी ज्याचं तोंड लक्षात ठेवलं होतं तो सेनेगलचा उंच मुलगा. कितीला घेतली, त्याने खुणेने विचारलं. मी पाच बोटं दाखवली. त्याने आठ दाखवली. मला एकदम शहाणं आणि लगेच वाईट वाटलं. त्याच्यापुढच्या पेरूच्या बाईंनी काहीच दाखवलं नाही, नुसती मान हलवली. त्यांनी सांगितलं, की आपण तीन महिने रोज पहाटे उठून स्वतः मिळवली. आसपासचे सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले.

आतला पोलीस अत्यंत सभ्य. फोटो ३२ बाय २६ मिलिमीटरचाच हवा, ते त्याने पट्टी लावून बघितलं. अर्जात वडिलांचं नाव आणि आईचं नाव असे रकाने आहेत, तिथे मी घरी आल्यासारखा लिहीत सुटलो होतो. पण मग त्याने दुसरं आडनाव विचारलं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाचं आणि एक आईचं. मला एकच, शिवाय मध्ये वडिलांचं नाव. "मग हे आडनाव का नाही?" नाव आहे. "कुणाचं?" वडिलांचं. "मग तुमच्या नावात काय करतंय?" याचं उत्तर मला बेचाळीस वर्षांत सुचलेलं नाही. त्याने रकान्यात आडवी रेघ मारली. ठसे दिले. माझी तर्जनी दोनदा घ्यावी लागली. कीबोर्ड बडवून रेषा झिजल्या असाव्यात. निघताना मी सहज विचारलं, कार्ड कधी? महिन्या-सव्वा महिन्यात, तो म्हणाला. येऊन घेऊन जाऊ?

"सिता घेऊन या," तो म्हणाला.

कार्ड उचलायची सीता माणशी तीस युरोला मिळाली. तोपर्यंत कार्डाच्या मुदतीतले काही महिने उडाले होते, कारण मुदत मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, हातात पडल्यापासून नाही. हिशेब मांडला. सरकारला दिले बत्तीस युरो आणि वर सुटे. सरकार सोडून इतरांना दिले तीनशे साठ. यात साडेतीन हजारांची धावपळ धरलेली नाही.

हा हिशेब मी रात्री जेवताना जरा चढ्या आवाजात वाचून दाखवला. परक्या देशात माणसाला कसं लुबाडतात, कायदा माहीत नाही, भाषा येत नाही, विचारायला कोणी नाही, वगैरे. बायको ऐकत होती. मग म्हणाली, "तुला तो येमेनचा मुलगा आठवतो का रे? बी विंगमधला?"

आठवला. मी तेव्हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा सचिव होतो. पुण्यात येमेन, इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतून पुष्कळ मुलं शिकायला येतात. त्यांना फ्लॅट द्यायचा म्हटलं की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. परदेशी माणूस घरात ठेवला, की मालकाने तेव्हा चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरून कळवायचं असायचं. तो ऑनलाइन भरायचे आणि सरकार त्याचे पैसे घेत नसे. आमच्या दलालाने त्या मुलाकडून त्याचे दोन हजार घेतले होते. मालकाने अनामत दुप्पट घेतली. आणि सोसायटीच्या ना हरकत दाखल्यासाठी तो माझ्याकडे आला तेव्हा समितीने ठरवल्याप्रमाणे मी त्याला पाच हजार सांगितले. विकास निधी. बाकी भाडेकरूंना हा निधी नव्हता. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, सोबत खजुराचा डबा. त्याने सावकाश इंग्रजीत विचारलं, की ही सरकारी फी आहे का? मी म्हणालो, नाही, ही इथली पद्धत आहे. त्याने मान डोलावली, पैसे मोजून दिले. डबा मी ठेवून घेतला. आमच्याकडे सामान तपासायचं यंत्र नव्हतं.

त्या पाच हजारांतून आम्ही गेटवरच्या वॉचमनच्या केबिनला पडदा शिवला होता. हे मला बार्सिलोनात, पडदे धुलाईची पावती समोर असताना आठवलं. बायकोने पुढे काही विचारलं नाही, ताटं उचलली.

आमच्या कार्डांची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपते. नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधीपासून करता येतो, त्यानंतर पुन्हा ठसे द्यायला जावं लागतं. मी पेरूच्या त्या बाईंसारखं पहाटे उठायचं ठरवलं आहे, डिसेंबरपासून. भाईजानना फक्त सांगून ठेवलं आहे.